सातव्या दिवसाचा धनी

ज्या ईश्वराच्या केवळ शब्दाने प्रकाश झाला, जल आणि भूमी विभक्त झाली, आकाशात ज्योती लागल्या आणि मातीच्या पुतळ्यात श्वास आला, तो ईश्वर सहा दिवसांच्या अंती थकला असेल काय, हा प्रश्न लहान मुलाने विचारावा इतका सरळ आहे. परंतु यहुदी आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांनी दोन सहस्र वर्षे त्याच्याभोवती जो विचारविस्तार केला तो पाहिला म्हणजे हा सरळपणा फसवा आहे अशी खात्री पटते. ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या ग्रंथात सृष्टिक्रमाचे वर्णन आटोपल्यावर एवढेच म्हटले आहे की, सातव्या दिवशी ईश्वराचे कार्य पूर्ण झाले, त्यापासून तो निवृत्त झाला, आणि त्या दिवसाला आशीर्वाद देऊन त्याने तो पवित्र ठरविला. शिणवट्याचा तेथे शब्द नाही. निवृत्ती आली ती कार्य सरले म्हणून. आणि त्या ग्रंथात पावित्र्य प्रथम मिळाले ते एखाद्या पर्वताला, नदीला किंवा मंदिराला नव्हे, तर एका दिवसाला, ही गोष्ट तीर्थांच्या आणि क्षेत्रांच्या देशात वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकाला थोडी विस्मयकारक वाटल्यावाचून राहत नाही.

या कथेचे वेगळेपण नीट ध्यानात यावे म्हणून तिच्या शेजारच्या कथा पाहाव्या लागतात. बाबिलोनच्या इष्टिकालेखांतून जी ‘अत्राहसीस’ नावाची कथा उपलब्ध झाली आहे तिच्यात कनिष्ठ दर्जाचे देव कालवे खणून खणून जेरीस येतात, आपली अवजारे जाळून टाकतात आणि एन्लिल या वरिष्ठ देवाच्या वाड्याला मध्यरात्री वेढा घालतात. तेव्हा देवसभेत खलबत होऊन असा तोडगा निघतो की, एका देवाला मारून त्याच्या रक्तमांसात माती कालवावी, तिचा मनुष्य घडवावा आणि देवांच्या माथ्यावरचे ओझे त्याच्या माथ्यावर द्यावे. ‘एनुमा एलिश’ या दुसऱ्या काव्यातही मर्दुक देवाच्या योजनेने किंगूच्या रक्तापासून मनुष्य निर्माण केला जातो तो याच हेतूने. म्हणजे देवांची विश्रांती तेथे मनुष्याच्या वेठीवर उभी आहे. देव स्वस्थ बसतो, कारण दुसरा राबतो. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये यरुशलेम पाडाव होऊन यहुदी लोकांना ज्या बाबिलोनात कैद करून नेण्यात आले, तेथे नववर्षाच्या उत्सवात हेच काव्य गायले जाई. आणि सृष्टीच्या सात दिवसांचे आज आपल्यासमोर असलेले वर्णन त्याच बंदिवासाच्या सुमारास सिद्ध झाले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्या वर्णनातला ईश्वर आपले काम आपण करतो, ते संपवून आपण विश्राम घेतो, आणि तो विश्राम स्वतःपाशी न ठेवता खाली वाटून टाकतो. बंदिवानांनी आपल्या धन्यांच्या देवांना दिलेले हे उत्तर असेल, तर ते फार सौम्य शब्दांत दिलेले पण मर्मी लागणारे उत्तर होते, असेच म्हणावे लागेल.

मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांमध्ये शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा (शनिवारचा) विश्राम, पाळण्याची आज्ञा चौथी. (रोमन आणि लुथरपंथी गणनेत ती तिसरी होते, तो तंटा येथे उकरण्याचे कारण नाही.) या आज्ञा बायबलमध्ये दोनदा आल्या आहेत, एकदा ‘निर्गम’ ग्रंथात आणि एकदा ‘अनुवाद’ ग्रंथात, आणि इतर आज्ञांचा मजकूर दोन्ही ठिकाणी बहुतेक सारखाच असताना या एका आज्ञेच्या बाबतीत मात्र ती का पाळावी याची कारणे दोन्हीकडे निरनिराळी दिली आहेत. पहिल्या ठिकाणचे कारण असे की, ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विश्राम घेतला. दुसऱ्या ठिकाणी सृष्टीचा उल्लेखच नाही. तुम्ही मिसर देशात दास होता आणि ईश्वराने आपल्या बाहुबलाने तुम्हांला तेथून सोडविले, हे स्मरून तुमच्या दासाला आणि दासीला तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या, असे तेथे सांगितले आहे. दोन्हीकडे पुत्र, कन्या, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका मनुष्य यांची यादी आहे, आणि दुसऱ्या पाठात बैल व गाढव यांची नावे मुद्दाम घेतली आहेत. अमावास्येला औत न जुंपण्याचा आपल्याकडील कुणब्याचा रिवाज ज्याला ठाऊक आहे, त्याला बैलाचे नाव धर्माज्ञेत पाहून नवल वाटणार नाही. पण बैल आणि धनी एकाच कलमाखाली एकाच दिवशी मोकळे व्हावेत, ही कल्पना मात्र निराळी आहे.

एक कारण आकाशाकडे पाहते, दुसरे दासाच्या खांद्याकडे. माझी अशी समजूत आहे की, या आचाराचा पुढला सारा इतिहास म्हणजे या दोन कारणांची ओढाताण आहे. आणि पहिल्या कारणाला सिंहासने, धर्मसभा व कायदेमंडळे यांचा आश्रय वारंवार मिळत गेला, तर दुसऱ्याला आपली दाद लावून घेण्यासाठी फार काळ तिष्ठत राहावे लागले.

बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांमध्ये शब्बाथाला अभूतपूर्व महत्त्व आले. यरुशलेमचा तट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याने शुक्रवारी सांज होताच वेशी बंद करविल्या आणि मासळी घेऊन आलेल्या सोरच्या व्यापाऱ्यांना तटाबाहेर रात्र काढावी लागली. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास ग्रीक राजसत्तेविरुद्ध बंड उभे राहिले तेव्हा रानात लपलेली सुमारे हजार माणसे शब्बाथाच्या दिवशी शस्त्र न उचलता मारली गेली, आणि त्यानंतरच स्वसंरक्षणापुरते लढण्यास हरकत नाही असा निर्णय मत्तथ्या या वृद्ध पुढाऱ्याने दिला. पुढे शास्त्र्यांनी वर्ज्य कामांचे एकोणचाळीस प्रकार ठरविले. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याला हा सारा प्रकार म्हणजे आयुष्याचा सातवा हिस्सा आळसात घालविणे वाटला. ज्याच्या घरी काम दास करीत असत त्या गृहस्थाला दासाच्या सुटीत आळस दिसावा यात आश्चर्य नाही.

या ठिकाणी कोकणपट्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज या देशी आले अशी परंपरा सांगणारे बेने इस्राएल लोक कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव पांगले, त्यांनी गावांची नावे आडनावे म्हणून घेतली, मराठी ही आपली भाषा केली आणि तेलाचे घाणे चालविले. हिब्रू भाषा आणि ग्रंथ त्यांच्यापासून दुरावले, तरी सुंता, भोजनाचे काही निर्बंध आणि शनिवारी घाणा न जुंपण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. त्यामुळे गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणावे, आणि सोमवारी घाणा बंद ठेवणाऱ्या हिंदू तेल्यांना ‘सोमवार तेली’, अशी वहिवाट पडली. सामुएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले त्याच्या कितीतरी आधीपासून हा नेम चालत आला होता. ग्रंथ नाही, शास्त्री नाही, मंदिर नाही, आणि तरी दिवस टिकला, हे उदाहरण धर्मेतिहासात विरळा आहे.

ख्रिस्ती कल्पनेकडे वळताना प्रथम हे सांगितले पाहिजे की, येशू आणि परूशी या यहुदी पंथाचे लोक यांच्यातला शब्बाथाविषयीचा वाद हा दिवस पाळावा की न पाळावा असा नव्हता. शिष्यांनी भूक लागली म्हणून शेतातून जाताना कणसे मोडली, वाळलेल्या हाताच्या मनुष्याला येशूने सभास्थानात बरे केले, अशा प्रसंगांवरून तो वाद पेटला. आणि त्यातला लूकने वर्णिलेला एक प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. अठरा वर्षे कमरेत वाकलेली एक स्त्री शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात येते, येशू तिला ताठ उभी करतो, आणि सभास्थानाचा अधिकारी लोकांना बजावतो की, कामाला सहा दिवस मोकळे आहेत, बरे व्हायचे असेल त्याने त्या दिवशी यावे. अधिकाऱ्याचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने अगदीच गैरवाजवी नव्हते. अठरा वर्षे थांबलेल्या बाईने आणखी एक दिवस थांबायला हरकत नव्हती. पण येशूचे प्रत्युत्तर असे की, तुम्ही आपला बैल शब्बाथाच्या दिवशी गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेता, मग अठरा वर्षे बांधलेली ही अब्राहामाची लेक याच दिवशी का सोडू नये? बांधणे आणि सोडविणे ही भाषा ‘अनुवाद’ ग्रंथातील दुसऱ्या कारणाची आहे. त्याच लूकच्या शुभवर्तमानात नासरेथच्या सभास्थानी शब्बाथाच्या दिवशीच येशू यशया संदेष्ट्याचा बंदिवानांच्या मुक्तीचा उतारा वाचून दाखवितो, हाही योगायोग नसावा.

योहानाच्या शुभवर्तमानात मात्र वाद ईश्वरी विश्रामाच्या मुळालाच हात घालतो. अडतीस वर्षांच्या रोग्याला शब्बाथाच्या दिवशी बरे केल्याबद्दल जाब विचारला असता येशू म्हणतो तो आशय असा की, माझा पिता अजूनही काम करीतच आहे, म्हणून मीही करतो. ईश्वर सातव्या दिवशी थांबला खरा, पण त्या दिवशीही मुले जन्मतात, माणसे मरतात, पाऊस पडतो. मग तो थांबला तो कशापासून? अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो यालाही हा प्रश्न पडला होता आणि दाहकता हा जसा अग्नीचा तसे कर्तृत्व हा ईश्वराचा स्वभाव आहे, तो कधीच थांबत नाही, असे त्याने ठरवून टाकले होते. पुढल्या ख्रिस्ती विवेचकांनी बहुधा अशी वाट काढली की, नवे काही निर्माण करण्यापासून ईश्वर निवृत्त झाला. निर्माण केलेले सांभाळण्यापासून नव्हे. आपल्याकडे शेषशायी विष्णूची निद्रा आणि जगाचे पालन ही दोन्ही एकत्र नांदतात, त्यामुळे मराठी वाचकाला या कोड्याचा फारसा जाच होणार नाही. तथापि विष्णूच्या चातुर्मासातील शयनाने आमच्या गड्यामाणसांना सुटी मिळाल्याचे ऐकिवात नाही, आणि भेद नेमका येथे आहे.

शुक्रवारी क्रुसावर मृत्यू, शनिवारी कबरेत आणि रविवारी पुनरुत्थान, असा जो क्रम शुभवर्तमानांत आहे त्याने ख्रिस्ती लोकांच्या दृष्टीने सप्ताहाचा अर्थच पालटला. पूर्वेकडील चर्च पुनरुत्थानापूर्वीच्या शनिवारास ‘महान शब्बाथ’ म्हणते. सृष्टी पूर्ण करून जसा ईश्वर विसावला तसा तारणाचे कार्य पूर्ण करून ख्रिस्त त्या दिवशी थडग्यात विसावला, असा तेथील उपासनेचा भाव आहे. मग त्यानंतरचा रविवार हा आठवड्याचा पहिला दिवस, आणि सातांच्या फेऱ्याबाहेरचा म्हणून आठवाही. ‘बर्णबाचे पत्र’ या आरंभीच्या लेखात ही आठव्या दिवसाची कल्पना आली आहे, आणि चौथ्या शतकात मिलान येथे व अन्यत्र बाप्तिस्म्याच्या वास्तू अष्टकोनी बांधल्या गेल्या त्यांच्या आठ बाजूंतही हाच संकेत आहे. ‘इब्री लोकांस पत्र’ लिहिणाऱ्याने तर विश्राम हा दिनदर्शिकेतून काढून क्षितिजावरच नेऊन ठेवला: ईश्वराचा विश्राम अद्याप उघडा आहे आणि त्याच्या लोकांनी त्यात प्रवेश करावयाचा आहे, असे तो सांगतो.

परंतु या उदात्त कल्पना करणारी माणसे रविवारी काय करीत होती? कामावर जात होती. पहिली तीनशे वर्षे रविवार हा ख्रिस्ती मंडळ्यांचा एकत्र येण्याचा दिवस होता, सुटीचा दिवस नव्हता. बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याने सन ११२ च्या सुमारास सम्राट त्राजान यास पाठविलेल्या अहवालात हे लोक ठराविक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात असे नमूद केले आहे, आणि अधिक माहिती काढण्यासाठी आपण दोघी दासींना, ज्या मंडळीत सेविका होत्या, यातना दिल्याचेही त्याने निर्विकारपणे कळविले आहे. सूर्य उगवला की ज्यांचा देह धन्याच्या मालकीचा होई, त्यांना देवापुढे यायला पहाटेवाचून दुसरी वेळ नव्हती. रोममध्ये हौतात्म्य पत्करलेल्या जस्टिनने दुसऱ्या शतकाच्या मध्यास रविवारच्या सभेचे जे वर्णन लिहिले त्यात वाचन आहे, उपदेश आहे, भाकर आणि द्राक्षारस आहे, अनाथ व विधवांसाठी वर्गणी आहे. काम थांबविल्याचा उल्लेख नाही.

रविवारची सुटी दिली ती सम्राटाने. सन ३२१ च्या मार्च महिन्यात कॉन्स्टंटाईनने फर्मान काढले की, सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांनी विश्राम घ्यावा; खेड्यांत शेती करणाऱ्यांनी मात्र खुशाल काम करावे, कारण पेरणीला किंवा द्राक्षवेल लावायला योग्य असा दिवस हुकला तर तो परत येत नाही. सूर्याचा दिवस, असेच त्यात म्हटले आहे. ख्रिस्ताचे नाव नाही. ज्या आज्ञेत नांगराच्या बैलाला पहिल्या पंक्तीत बसविले होते तिची शाही आवृत्ती निघाली तेव्हा नांगर तेवढा बाहेर राहिला. पण त्याच वर्षी जुलैमध्ये दुसरा हुकूम निघाला, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही: या दिवशी दावे-फिर्यादी तहकूब राहाव्यात, परंतु दासाला मुक्त करण्याचा दस्तऐवज कोणास करावयाचा असेल तर त्यास मुभा असावी. सम्राटाच्या मनात ‘अनुवाद’ ग्रंथातील कारण होते की नाही हे कोण सांगणार? त्याच्या कायद्यात मात्र ते अवचित येऊन बसले.

ख्रिस्ती चिंतनात ईश्वरी विश्रामाला सर्वांत उंच नेले ते हिप्पोच्या ऑगस्टीनने. आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाचा शेवट त्याने सातव्या दिवसावर केला आहे, आणि एक सूक्ष्म गोष्ट त्याने तेथे हेरली आहे: पहिल्या सहा दिवसांपैकी प्रत्येकाच्या अखेरीस संध्याकाळ झाली, सकाळ झाली असे पालुपद आहे, सातव्याला ते नाही. त्या दिवसाला संध्याकाळच नाही. पुढे सन ४२६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘ईश्वराचे नगर’ या प्रचंड ग्रंथाच्या समाप्तीलाही त्याने मानवी इतिहासाची युगे मोजून अखेरच्या युगाला ज्याचा अंत नाही असा शब्बाथ म्हटले. रोम नगरीला गॉथांनी लुटल्याचे ऐकून लेखणी उचललेल्या या बिशपाने सहस्रावधी पृष्ठांच्या शेवटी विश्रामाचे चित्र रेखाटावे, यात काळाची व्यथा आहे आणि धैर्यही आहे. परंतु शब्बाथ असा अनंतात गेला की, उद्या सकाळी जात्यावर बसणाऱ्या दासीला त्याचा उपयोग थोडा. मध्ययुगीन चर्चने ‘दास्याची कामे’ रविवारी वर्ज्य ठरविली, संतांच्या सणांची भर घालून सुट्या पुष्कळ वाढविल्या, आणि थॉमस अक्वायनसने या आज्ञेचा एक अंश नैतिक व एक अंश विधिरूप अशी वाटणी करून दिली. शनिवार चौथ्या शतकातच लावदिकीयाच्या धर्मसभेने बाद केला होता. त्या दिवशी ख्रिस्त्यांनी मुद्दाम काम करावे असा तिचा ठराव आहे. इथिओपियात मात्र १४५० मध्ये सम्राट झरा याकोब याने शनिवार व रविवार दोन्ही पाळण्याचा निर्णय धर्मसभेकडून मंजूर करून घेतला, आणि तेथील चर्चमध्ये दोन्ही दिवसांचा मान आजतागायत चालू आहे.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांचे या बाबतीतले मत त्यांच्या अनुयायांपेक्षा पुष्कळ मोकळे होते. लुथरच्या मते कोणताही दिवस दुसऱ्याहून पवित्र नाही. पण आठवडाभर राबणाऱ्या गड्यांना, मोलकरणींना आणि सामान्य जनांना देहाला विसावा मिळण्यासाठी एक दिवस हवा, हे निसर्गच शिकवितो. कॅल्विनने आज्ञेची तीन प्रयोजने सांगितली, त्यांत तिसरे नोकरांना मालकाच्या जाचातून सवड मिळावी हे होते. पुढे त्याच कॅल्विनच्या नावाने चालणाऱ्या पंथांनी इंग्लंड व स्कॉटलंडात जो रविवार उभारला, त्यात हे तिसरे प्रयोजन शोधावे लागते.

सफोक परगण्यातील निकोलस बाउंड या धर्मोपदेशकाने १५९५ मध्ये शब्बाथावर एक ग्रंथ लिहून यहुदी शब्बाथाचे सारे बंधन रविवारवर आणून ठेवले, आणि तेथून रविवार हा इंग्लंडच्या राजकारणाचा विषय झाला. लँकेशायरमधून जाताना रविवारी खेळ बंद केल्याची प्रजेची तक्रार ऐकून राजा जेम्स याने १६१८ मध्ये जाहीरनामा काढला की, उपासनेला हजर राहिलेल्या रयतेला नंतर नृत्य, तिरंदाजी, उड्या मारणे आणि मे महिन्याचे खेळ यांची पूर्ण मोकळीक आहे. आठवड्यातील इतर दिवशी ज्याला काम आहे त्याने खेळावे केव्हा, असा त्याचा रोकडा सवाल होता. चार्ल्स राजाने १६३३ मध्ये तोच जाहीरनामा पुन्हा काढून चर्चमधून वाचण्याची सक्ती केली. पार्लमेंटने १६४३ मध्ये तो फाशी देणाऱ्या जल्लादाच्या हातून जाळविला. या रस्सीखेचीत जॉन ट्रास्क नावाच्या एका उपदेशकाने बाउंडचे तर्कशास्त्र शेवटापर्यंत नेले: आज्ञा सातव्या दिवसाची असेल तर शनिवारच पाळला पाहिजे. त्याबद्दल १६१८ मध्ये त्याच्या कपाळावर डाग देण्यात आला आणि त्याला कैदेत टाकण्यात आले. त्याने पुढे माघार घेतली. त्याची पत्नी मात्र शनिवार न सोडता वर्षानुवर्षे तुरुंगात राहिली. शनिवार पाळणारा बाप्टिस्ट पंथ पुढे त्याच शतकात लंडनमध्ये स्थिरावला, आणि अमेरिकेत १८६३ मध्ये संघटित झालेला सेव्हन्थ-डे ॲडव्हेन्टिस्ट पंथ त्याच तर्काचा वारस. पुण्यातील स्पायसर ॲडव्हेन्टिस्ट विद्यापीठ त्यांचेच, आणि शनिवारी तेथे वर्ग भरत नाहीत.

१६७७ च्या इंग्रजी कायद्याने रविवारी आपला नेहमीचा धंदा करणाऱ्या कारागिराला व मजुराला पाच शिलिंग दंड ठेवला. घरातला स्वयंपाक आणि सकाळी नऊच्या आत व दुपारी चारनंतर दूध विकणे यांना सूट होती. त्यानंतर दीडशे वर्षांनी, ‘प्रभूचा दिवस’ पाळला जावा म्हणून १८३१ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या संस्थेच्या पाठिंब्याने सर अँड्र्यू ॲग्न्यू यांनी याहूनही कडक विधेयक पार्लमेंटात वारंवार आणले. त्यात घरगुती नोकरांचे काम मनाईतून वगळलेले होते. चार्ल्स डिकन्स या त्या वेळी चोवीस वर्षांच्या लेखकाने १८३६ मध्ये टोपणनावाने एक पुस्तिका लिहून नेमके याच कलमावर बोट ठेवले: सरदाराचे रविवारचे भोजन शिजले पाहिजे, बिशपचे घोडे खरारले गेले पाहिजेत, म्हणून गरिबांतल्या गरिबाला विश्रामाचा कायदा लागू नाही, आणि उलट ज्या गरिबाच्या घरी चूल नाही त्याचा भटारखाना मात्र बंद. विधेयक मंजूर झाले नाही. १८५५ मध्ये रविवारचा व्यापार बंद करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा लंडनच्या हाइड पार्कमध्ये लोकांनी श्रीमंतांच्या गाड्या अडवून गोंधळ घातला आणि ते विधेयकही मागे घ्यावे लागले. ईश्वराच्या विश्रामाच्या नावाने दासाच्या मौजेवर बंदी आणि धन्याच्या सोयीला अभय, असा उलटा न्याय या आज्ञेच्या वाट्याला यावा याचा खेद वाटतो. पण त्या काळचे शब्बाथवादी सगळेच दांभिक होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण गिरण्यांतील दहा तासांच्या कायद्यासाठी झगडणारे लॉर्ड शाफ्ट्सबरी हेही त्याच गोटातले होते.

१८३१ च्या त्या संस्थेचा एक प्रमुख प्रवर्तक इस्लिंग्टनचा धर्मोपदेशक डॅनियल विल्सन. तो दुसऱ्याच वर्षी कलकत्त्याचा बिशप नेमला गेला, आणि इंग्रजी रविवार अशा रीतीने बिशपच्या सामानासह हिंदुस्थानात उतरला. लॉर्ड हार्डिंजच्या अमदानीत, म्हणजे १८४४ ते १८४८ या काळात, सरकारी कामे रविवारी बंद ठेवण्याचा हुकूम झाला. कचेरीतील कारकुनाला रविवार मिळाला तो असा. त्याने त्याचे कारण विचारले नाही, आणि साहेबाचा देव त्या दिवशी विसावतो एवढ्यावर तो समाधान मानून घरी गेला.

गिरणी मजुराला तो मिळाला नव्हता. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली, आणि पुढल्या तीस-पस्तीस वर्षांत रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेली माणसे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रापुढे उभी राहू लागली. सुटी बंद यंत्राला मिळे; त्या दिवशीही यंत्राची साफसफाई करायला मजुराला बोलावीत. १८८१ च्या कारखाना कायद्याने महिन्यातून चार सुट्या बांधून दिल्या त्या बालकामगारांना, प्रौढांना नव्हे. ठाण्यास जन्मलेले, जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजातले आणि ‘दीनबंधू’ पत्र चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात गिरणी मजुरांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातली पहिली मागणी रविवारच्या पूर्ण सुटीची होती, नंतर दुपारी अर्ध्या तासाच्या विसाव्याची. ती सुटी मिळायला मात्र आणखी काही वर्षे जावी लागली.

लोखंडे यांच्या नावाने जी युक्तिवादाची मांडणी सांगितली जाते ती मोठी मार्मिक आहे. रविवार हा खंडोबाचा वार. गिरणीतला मजूर बहुतेक खंडोबाचा भक्त. आणि सहा दिवस मालकासाठी राबल्यावर सातवा दिवस त्याला देवासाठी आणि समाजासाठी मिळाला पाहिजे. बाउंड आणि विल्सन यांचा रविवार जेजुरीच्या मल्हारीने असा अलगद आपल्या पदरी घेतला. त्या मागणीच्या बाजूला विलायतेतूनही एक अनपेक्षित जोर लागत होता, आणि तो धर्माचा नव्हता: मुंबईचे स्वस्त सूत लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना सलू लागले होते, म्हणून मुंबईच्या मजुराने कमी तास राबावे ही भूतदया त्यांना एकाएकी सुचली. १८९० च्या मार्चमध्ये बर्लिनला कामगारांच्या प्रश्नावर युरोपीय राष्ट्रांची परिषद भरून साप्ताहिक विश्रांतीचा ठराव झाला. २४ एप्रिलला मुंबईत सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली, तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली; आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी कबूल केली. पुढल्या वर्षीच्या कारखाना कायद्याने तिला कलमाचे रूप दिले, मात्र रविवारी काम घ्यायचे झाल्यास त्याच्या मागच्या किंवा पुढच्या तीन दिवसांत एक दिवस मोकळा द्यावा, अशी पुस्ती जोडून.

या सुटीचा रोज मिळत नव्हता. नगावर मजुरी घेणारा विणकर रविवारी साच्यापुढे नसे तेवढी त्याची मजुरी कमी होई. आणि कायदा लागू होता तो पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असतील आणि वाफेवर अथवा तत्सम शक्तीवर यंत्रे चालत असतील अशा कारखान्यांपुरता. हातमागावरचा साळी, गोदीतला हमाल, बंगल्यातला गडी, वाड्यातली मोलकरीण आणि खटाऱ्याला जुंपलेला बैल, ज्यांपैकी तिघांची तरी नावे त्या जुन्या आज्ञेत उघड उघड घेतलेली होती, ते सोमवारी कामावर आले तेव्हा त्यांचा रविवार झालेलाच नव्हता.